सोव्हिएत ज्यूंची टंकलिखित नियतकालिके: प्रदर्शनाच्या कामाच्या नोंदी

२ जून २०२५

आज सायंकाळी वाचनालयाच्या वरच्या खोलीत पहिली बैठक झाली आणि काम नक्की ठरले. सोव्हिएत संघातील ज्यूंनी सरकारी परवानगीशिवाय जी टंकलिखित नियतकालिके काढली, त्यांच्यावर १२ फलकांचे एक प्रदर्शन आणि सोबत ४८ पानांची पुस्तिका मराठीत तयार करायची आहे. आमचा गट चौघांचा आहे. रशियन मूळ मजकूर वाचण्याचे काम ताईंकडे आहे, कारण आमच्यापैकी ती भाषा त्यांनाच येते. फलकांचा मजकूर आणि या नोंदी लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. कामाचे तात्पुरते शीर्षक ‘भूमिगत ज्यू प्रकाशने’ असे धरले आहे.

हा विषय मराठीत का आणावा, असा प्रश्न बैठकीत निघाला आणि त्याचे उत्तर माझ्या घरच्या कपाटातच होते. माझ्या पिढीतील अनेकांप्रमाणे माझेही बालपण मॉस्कोत छापलेल्या मराठी पुस्तकांवर गेले. प्रगती आणि रादुगा या प्रकाशनांची ती पुस्तके लोकवाङ्मय गृहात अगदी अल्प किमतीत मिळत. कागद जाड, चित्रे रंगीत, बांधणी पक्की. मुंबईपासून हजारो किलोमीटर दूर असलेले एक राज्य कोकणातल्या आणि देशावरच्या मुलांसाठी त्यांच्या भाषेत पुस्तके छापत होते, आणि त्याच शहरात, त्याच वर्षांत, एखाद्या नागरिकाला आपल्या मुलाला हिब्रू मुळाक्षरे शिकवायची तर त्याला ती रात्री स्वयंपाकघराचे दार लावून हाताने उतरवून घ्यावी लागत होती. त्या पुस्तकांबद्दलची माझी कृतज्ञता खरी आहे, म्हणूनच दुसरी बाजू मराठीत सांगण्याची जबाबदारी मला आपली वाटते.

५ जून

पहिल्या दोन फलकांसाठी पार्श्वभूमी लिहिली. वाचकाला सर्वप्रथम हे कळले पाहिजे की या लोकांकडे वाचायला जवळजवळ काहीच उरले नव्हते आणि ती पोकळी आपोआप निर्माण झालेली नव्हती. जानेवारी १९४८ मध्ये यिद्दिश, म्हणजे पूर्व युरोपातील ज्यूंच्या बोलभाषेतील, रंगभूमीचे श्रेष्ठ नट सोलोमोन मिखोएल्स यांची मिन्स्क येथे हत्या झाली आणि ती अपघात म्हणून दाखवण्यात आली. नाझी हत्याकांडाच्या साक्षी एकत्र करून इल्या एरेनबुर्ग आणि वासिली ग्रोसमान या लेखकांनी सिद्ध केलेल्या ‘काळ्या ग्रंथा’ची छपाई त्याच वर्षी मोडून टाकण्यात आली. १२ ऑगस्ट १९५२ रोजी ज्यू फॅसिस्टविरोधी समितीच्या, म्हणजे युद्धकाळात सरकारनेच स्थापलेल्या समितीच्या, खटल्यातील १३ जणांना गोळ्या घालण्यात आल्या. पेरेत्झ मार्किश, दाव्हिद बेर्गेलसोन, लेइब क्विट्को हे यिद्दिश भाषेचे मोठे लेखक त्यांत होते. १९६१ मध्ये ‘सोव्हिएतिश हेमलांद’ हे सरकारमान्य यिद्दिश मासिक सुरू झाले खरे, पण हिब्रूसाठी ना शाळा होती, ना वर्ग, ना नियतकालिक.

दुसरीकडे, प्रत्येक ज्यू नागरिकाच्या अंतर्गत पारपत्रातील, म्हणजे देशातच लागणाऱ्या ओळखपत्रातील, पाचव्या रकान्यात ‘राष्ट्रीयत्व: ज्यू’ अशी नोंद असे. विद्यापीठातील प्रवेश, नोकरी, बढती या प्रत्येक टप्प्यावर हा पाचवा रकाना आधी पाहिला जाई. ओळख कागदावर कायम ठेवायची आणि त्या ओळखीत भरण्यासारखे जे जे होते ते काढून घ्यायचे, अशी ही रचना होती. फलकावर हे वाक्य ठेवले आहे, कारण पुढे जे लोक टंकयंत्रापुढे बसले त्यांच्यापैकी अनेकांना ज्यू असणे म्हणजे काय हे ठाऊक नव्हते. ते शोधण्यासाठीच ते बसले होते.

एक गोष्ट मात्र राज्यानेच, बहुधा परिणामाचा विचार न करता, त्यांच्या हाती दिली. फेलिक्स शापिरो यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात सिद्ध केलेला हिब्रू-रशियन शब्दकोश १९६३ मध्ये मॉस्कोतील सरकारी शब्दकोश प्रकाशनाने २५,००० प्रतींत छापला. शापिरो त्यापूर्वीच, १९६१ मध्ये, निवर्तले होते. पुढची २० वर्षे हिब्रू शिकणाऱ्या प्रत्येक घरगुती वर्गाच्या मधोमध टेबलावर हा कोश असे, आणि तो जवळ बाळगणे गुन्हा आहे असे म्हणण्याची सोय पोलिसांना नव्हती, कारण त्यावर राज्याचाच शिक्का होता. या कोशाला स्वतंत्र फलक द्यायचा असे आम्ही एकमताने ठरवले.

९ जून

आजचा दिवस परिभाषेत गेला. ‘समिझदात’ हा शब्द तसाच ठेवला आहे. रशियनमध्ये सरकारी प्रकाशन संस्थांची जी आद्याक्षरी नावे असत, त्यांच्या धर्तीवर ‘स्वतःच प्रकाशक’ अशा अर्थाने तो घडवला गेला. मराठीत ‘स्वप्रकाशित’ म्हटले की लेखकाने पदरचे पैसे घालून काढलेला कवितासंग्रह डोळ्यांसमोर येतो, आणि इथे तर पैशाचा संबंध सर्वांत कमी होता.

‘ओत्काझनिक’ या शब्दावर अधिक वेळ गेला. ‘ओत्काझ’ म्हणजे नकार. देशाबाहेर जाण्यासाठी अर्ज केला, नकार मिळाला आणि मग वर्षानुवर्षे तिथेच अडकून राहिला, असा तो माणूस. गटातील एका मित्राने ‘नकारग्रस्त’ हा शब्द सुचवला. धरणग्रस्त, पूरग्रस्त, प्रकल्पग्रस्त हे शब्द आपल्या तोंडात बसलेले असल्यामुळे तो कानाला चटकन पटतोही. परंतु ‘ग्रस्त’ म्हटले की मदतीची वाट पाहणारा माणूस दिसतो, आणि ज्या लोकांविषयी आम्ही लिहीत आहोत त्यांनी नकारानंतर सेमिनार चालवले, वर्ग घेतले, अंक काढले. शेवटी मूळ शब्दच ठेवला आणि पहिल्या उल्लेखात त्याचा अर्थ दिला.

१५ जून

या तारखेलाच हा फलक लिहावा असे मनात होते. १५ जून १९७० रोजी पहाटे लेनिनग्राडजवळच्या स्मोल्नोये या लहान विमानतळावर १२ जणांना विमानात चढण्यापूर्वीच पकडण्यात आले. आणखी चौघांना प्रिओझेर्स्कजवळच्या रानात ताब्यात घेण्यात आले. लग्नाला निघालेल्या पाहुण्यांच्या नावाखाली १२ आसनी अन्तोनोव विमानाची सर्व तिकिटे काढायची, प्रिओझेर्स्कला वैमानिकांना बांधून खाली ठेवायचे आणि पूर्वी लष्करात वैमानिक असलेल्या मार्क दिमशित्स यांनी विमान स्वीडनला न्यायचे, असा तो बेत होता. डिसेंबरमध्ये खटला चालला आणि २४ तारखेला दिमशित्स व एदुआर्द कुझनेत्सोव यांना मृत्युदंड सुनावण्यात आला. जगभरातून आवाज उठल्यानंतर आठवडाभरात, ३१ डिसेंबरला, तो १५ वर्षांच्या शिक्षेत बदलण्यात आला. आरोपींमध्ये युरी फ्योदोरोव आणि अलेक्सेइ मुर्झेन्को हे दोघे ज्यू नव्हते, हे आपल्याकडे सहसा सांगितले जात नाही.

आमच्या विषयाच्या दृष्टीने त्या दिवसाची दुसरी घटना अधिक महत्त्वाची आहे. त्याच दिवशी लेनिनग्राडमधील आणखी अनेकांना अटक झाली आणि शहराशहरांतून घरझडत्या सुरू झाल्या. लेनिनग्राडमध्ये नोव्हेंबर १९६६ पासून हिलेल बुतमान आणि त्यांच्या मित्रांची एक गुप्त संघटना होती. तिला नियम होते, वर्गणी होती, बैठका होत्या. विमानाच्या बेतातून ती आधीच बाजूला झाली होती. तिच्या आणि रिगातील कार्यकर्त्यांच्या मेळातून ‘इतोन’ हे नियतकालिक निघाले. हिब्रूत ‘इतोन’ म्हणजे वर्तमानपत्र. संपादकांत योसेफ मेंदेलेविच होते, जे पुढे विमानाच्या खटल्यात १२ वर्षांच्या शिक्षेवर गेले. १९७० च्या पूर्वार्धात ‘इतोन’चे दोनच अंक निघू शकले आणि त्यांवर कोणाचेही नाव नव्हते.

मे आणि जून १९७१ मध्ये लेनिनग्राड, रिगा आणि किशिनेव येथे जे पुढील खटले झाले, त्यांच्या आरोपपत्रांत विमानापेक्षा कागदच अधिक दिसतात. रिगाच्या खटल्यातील चौघांत रूता अलेक्सांद्रोविच ही तरुण परिचारिका होती. तिच्यावरील आरोप मजकूर तयार करण्याचा आणि वाटण्याचा होता. किशिनेवमध्ये ‘एरा’ जातीचे प्रतिमुद्रण यंत्र सरकारी कार्यालयातून सुटे करून नेल्याचा आरोप होता. एका राज्याला एका कॉपी यंत्राची इतकी धास्ती का वाटावी, हे फलकावर वेगळे सांगावे लागणार नाही.

इथे माझी एक चूक झाली होती ती नोंदवतो. पहिल्या मसुद्यात मी ‘इतोन’ आणि मॉस्कोचे ‘इस्खोद’ ही नियतकालिके एकाच संघटनेची दोन अपत्ये असल्यासारखे लिहिले होते. ताईंनी ते थांबवले. दोन्हींची शहरे वेगळी, माणसे वेगळी आणि काम करण्याची रीत तर अगदीच वेगळी. या फरकाकडे नीट पाहायला हवे असे तेव्हाच वाटले.

२१ जून

टंकलेखनाचा प्रयोग केला. न्यायालयासमोर ४० वर्षे प्रतिज्ञापत्रे टाइप केलेले एक काका आमच्या विनंतीवरून आपले जुने मराठी टंकयंत्र घेऊन आले. सहा पातळ कागद, त्यांच्यामध्ये पाच कार्बन, अशी चळत त्यांनी टेबलावर ठोकून सरळ केली आणि रोलरमध्ये घालताना वरच्या कडेला एक दुमडलेली पट्टी लावली, म्हणजे कागद मागेपुढे सरकत नाहीत. मग म्हणाले, “सर, सहा प्रती हव्या असतील तर हळू नाही चालायचं, प्रत्येक अक्षर मारावं लागेल.”

पाच मिनिटांत त्यांच्या बोटांची पेरे लाल झाली. वरच्या कागदावर प्रत्येक अनुस्वाराला आणि पूर्णविरामाला बारीक भोक पडत होते. उजेडाकडे धरला तर तो कागद चाळणीसारखा दिसे. पहिल्या तीन प्रती स्वच्छ आल्या, चौथीत अक्षरांच्या कडा फुगल्या, पाचवी दिव्याखाली धरून वाचता आली. सहाव्या प्रतीत काना आणि वेलांटी यांतला फरक अंदाजाने ओळखावा लागत होता. एका शब्दात चूक झाली तेव्हा काकांनी प्रत्येक कार्बनच्या मागे कागदाचा कपटा सरकवला, सहाही प्रतींवर एकेक करून खोडरबर चालवले, कपटे काढले आणि मगच योग्य अक्षर मारले. त्या एका अक्षराला चार मिनिटे गेली. दमट हवेने कार्बन चिकटत होते ते निराळेच.

पूर्ण पानाला २० मिनिटे लागली. या गतीने १०० पानांचा अंक धरला तर ३३ तासांहून अधिक काम होते, आणि त्यातून वाचण्याजोग्या प्रती मिळतात पाच. दहा हव्या असतील तर पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करायची. मॉस्को आणि लेनिनग्राडमध्ये हे काम बहुतेक स्त्रियांनी, नोकरीवरून आल्यावर, भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याला खटखट ऐकू जाऊ नये म्हणून यंत्राखाली घोंगडी घालून केले. त्यांतील बहुतेकींची नावे कुठल्याच अंकावर नाहीत. पूर्व जर्मनीत बनणारी ‘एरिका’ यंत्रे त्यासाठी विशेष पसंत केली जात. प्रयोगाची सहाही पाने प्रदर्शनात ओळीने टांगायची आहेत, पहिलीपासून सहावीपर्यंत. वाचकाच्या हाती समिझदातची जी प्रत येई ती बहुधा पाचवी असे, आणि ती त्याला एका रात्रीत वाचून परत करायची असे.

जाड पुस्तकांसाठी दुसरी रीत होती. पाने कॅमेऱ्याने टिपून त्यांच्या छायाप्रती न्हाणीघरात लाल दिव्याखाली काढल्या जात. हिब्रूच्या ‘एलेफ मिलिम’ या पाठ्यपुस्तकाच्या अशा छायाप्रतींवर मॉस्कोचे घरगुती वर्ग चालले. छायाचित्राचा कागद जाड असल्याने एका पुस्तकाचा गठ्ठा होई आणि तो मिठाईच्या डब्यातून किंवा पिशवीच्या तळाशी घालून न्यावा लागे.

२८ जून

‘इस्खोद’चा फलक. रशियनमध्ये ‘इस्खोद’ म्हणजे निर्गमन, बायबलमधील इजिप्तहून सुटकेच्या ग्रंथाचे नाव. विक्टर फेदोसेयेव यांनी हे नियतकालिक १९७० मध्ये मॉस्कोत सुरू केले आणि त्याचे चार अंक निघाले. त्यात लेख जवळजवळ नाहीत. त्यात आहेत पत्रे, अर्ज, निवेदने, निकालपत्रे, आणि प्रत्येकाखाली सह्या. मानवाधिकारांच्या १९४८ च्या जाहीरनाम्यातील १३ व्या कलमाने प्रत्येकाला कोणताही देश, स्वतःचा देशसुद्धा, सोडण्याचा हक्क दिला आहे, आणि हा हक्क आम्ही मागतो आहोत, इतकेच त्यांचे म्हणणे होते.

या सह्यांची परंपरा त्याच्या थोडी आधीची आहे. ६ ऑगस्ट १९६९ रोजी जॉर्जियातील १८ ज्यू कुटुंबांनी संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार आयोगाला पत्र लिहिले आणि त्याखाली आपली नावे व पत्ते दिले. त्या नोव्हेंबरमध्ये पंतप्रधान गोल्डा मेयर यांनी ते पत्र इस्रायलच्या संसदेत वाचून दाखवले. कीव्हमधील अभियंता बोरिस कोचुबियेव्स्की यांची गोष्ट त्याहून कठीण आहे. बाबी यार या दरीत सप्टेंबर १९४१ मध्ये दोन दिवसांत ३३,७७१ ज्यूंना ठार मारण्यात आले होते. १९६८ च्या स्मृतिदिनी तिथे उभे राहून ते बोलले, देश सोडण्याचा अर्ज केला आणि मे १९६९ मध्ये तीन वर्षांच्या शिक्षेवर गेले.

‘इस्खोद’चा चौथा अंक पूर्णपणे डिसेंबर १९७० च्या लेनिनग्राड खटल्याचा वृत्तांत आहे. न्यायालयात नातेवाईक सोडून बाहेरच्या कोणाला प्रवेश नव्हता. मानवाधिकार कार्यकर्त्या येलेना बोन्नेर यांना कुझनेत्सोव यांची मावशी म्हणून आत जाता आले. आत बसलेल्यांनी जे ऐकले ते लक्षात ठेवायचे, बाहेर येऊन लगेच उतरवून काढायचे, दुसऱ्याच्या टिपणाशी ताडून पाहायचे, अशा पद्धतीने हा मजकूर उभा राहिला. ताईंनी त्यातील काही पाने मला वाचून दाखवली. आरोपींची अखेरची निवेदने वाचताना त्या मधूनमधून थांबत होत्या. मी आज त्याहून पुढचे काही लिहिले नाही.

६ जुलै

अर्ज करण्याची पद्धत समजावून सांगणारा फलक आज पुरा केला. आमच्या मते हा सर्वांत उपयुक्त फलक आहे, कारण ‘परवानगी नाकारली’ या दोन शब्दांनी काहीच कळत नाही. प्रथम इस्रायलमधील नातेवाईकाचे आमंत्रणपत्र हवे. ते टपालात अडवले गेले नाही तर हाती येई. मग नोकरीच्या ठिकाणाहून वर्तणुकीचा दाखला आणायचा, म्हणजे आपण देश सोडत आहोत हे साहेबाला आणि सहकाऱ्यांना आपल्याच तोंडाने सांगायचे. त्यावर सभा भरे, निषेध होई आणि बहुतेकदा नोकरी जाई. आईवडिलांचे संमतिपत्रही लागे, आणि आपल्या सहीमुळे आपल्यालाही त्रास होईल या भीतीने अनेक आईवडील ते देत नसत. हे सारे घेऊन ‘ओव्हिर’ या परवाना कार्यालयात अर्ज द्यायचा आणि थांबायचे. नकार बहुधा तोंडी मिळे आणि त्याचे कारण ‘गोपनीयता’ किंवा ‘राज्याच्या हिताचे नाही’ एवढेच सांगितले जाई. ऑगस्ट १९७२ मध्ये तर उच्चशिक्षितांकडून त्यांच्या शिक्षणाचा खर्च वसूल करण्याचा हुकूम निघाला. जगभरातील विरोधामुळे तो पुढच्या वर्षी व्यवहारातून मागे पडला.

नोकरी गेलेल्या माणसाला दुसरा कायदा पकडत असे. काम न करता राहणे हा ‘परोपजीवीपणा’चा गुन्हा होता. योसेफ बेगून हे अर्ज नाकारले गेल्यावर हिब्रूच्या खाजगी शिकवण्या घेत. त्या शिकवण्यांना काम मानण्यास अधिकाऱ्यांनी नकार दिला आणि १९७७ मध्ये त्यांना काम करत नसल्याबद्दल हद्दपार करण्यात आले. १९८३ मध्ये त्यांना सात वर्षे कैद आणि पाच वर्षे हद्दपारी अशी शिक्षा झाली, ती ‘सोव्हिएतविरोधी प्रचारा’च्या ७० व्या कलमाखाली, म्हणजे त्यांनी लिहिलेल्या व वाटलेल्या मजकुराबद्दल. १९८७ मध्ये ते सुटले.

१४ जुलै

आजचा दिवस ‘येव्रेई व एसएसएसआर’, म्हणजे ‘सोव्हिएत संघातील ज्यू’, या नियतकालिकाचा. १९७२ मध्ये पदार्थवैज्ञानिक अलेक्सांदर व्होरोनेल आणि विक्टर याखोत यांनी ते मॉस्कोत सुरू केले आणि १९७९ पर्यंत त्याचे २० अंक निघाले. सोव्हिएत ज्यूंचा इतिहास, संस्कृती व प्रश्न यांविषयीच्या साहित्याचा संग्रह, असे त्याचे साधे उपशीर्षक होते. ‘मी कोण?’ या नावाचे एक सदर त्यात असे, ज्यात माणसे आपल्या पाचव्या रकान्याविषयी लिहीत. शाळेत हजेरीच्या वेळी राष्ट्रीयत्व मोठ्याने विचारले जाई तेव्हा काय वाटले, आजोबांच्या पेटीतील पुस्तक कोणत्या भाषेतले आहे हे आपल्याला का सांगता आले नाही, अशा प्रकारचे हे लेखन आहे. बाहेर जाण्याची मागणी त्यात फारशी नाही. आपण कोण आहोत हे जाण्यापूर्वी, किंवा न जाताही, कळले पाहिजे असा त्याचा आग्रह आहे.

ताईंनी एका अंकाच्या मुखपृष्ठाची प्रतिमा पडद्यावर मोठी करून दाखवली. टंकलिखित शीर्षक, खाली अंकाचा क्रमांक, आणि त्याखाली संपादकांची नावे. नावांपुढे घरचे पत्ते. रस्ता, इमारत, सदनिका.

आम्ही चौघेही त्या पत्त्यांकडे बराच वेळ पाहत राहिलो. गेले दीड महिना मी ज्याला भूमिगत म्हणत होतो ते काम करणारे लोक पहिल्याच पानावर आपण कुठे राहतो ते लिहून ठेवत होते. यामागे नीट विचार होता. १९७० च्या अटकांनी दाखवून दिले होते की गुप्त संघटना पकडली गेली की तिची गुप्तताच गुन्ह्याचा पुरावा ठरते. सदस्यांची यादी आणि वर्गणीची वही यांचे न्यायालयात कटात रूपांतर होते. ‘इतोन’च्या मार्गाने जाणाऱ्यांचे धैर्य कमी नव्हते, आणि त्यांनी मोजलेली किंमत तर सर्वांत मोठी होती. परंतु व्होरोनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निराळे गृहीतक धरले: संस्कृतीविषयी लिहिणे आणि ते मित्राला वाचायला देणे हे कोणत्याही कायद्याने मना नाही, म्हणून लपवण्याचे कारण नाही, आणि लपवले नाही तर कट सिद्ध करण्यासारखे काही उरत नाही. आता राज्यालाच उघडपणे म्हणावे लागेल की इतिहासावरचा लेख हा गुन्हा आहे.

राज्याने ते म्हणायला आठ वर्षे घेतली. मधल्या काळात झडत्या झाल्या, टंकयंत्रे उचलून नेली गेली. डिसेंबर १९७६ मध्ये मॉस्कोत ज्यू संस्कृतीवर परिसंवाद भरवण्याचा प्रयत्न आयोजकांना स्थानबद्ध करून उधळून लावण्यात आला. एखाद्या संपादकाला अचानक परवाना मिळे, तो विमानाने निघून जाई आणि त्याच्या जागी दुसऱ्याचे नाव व पत्ता छापला जाई. व्होरोनेल गेले, मग रफाईल नुदेलमान गेले. याच काळात कुटुंबांसाठी आणि मुलांसाठी ‘तार्बूत’ हे नियतकालिक निघाले. पुढे १९८२ पासून ‘लेनिनग्राडचा ज्यू अल्मनाक’ या टंकलिखित लेखसंग्रहाने हे काम चालू ठेवले. बाहेर पोहोचलेल्या प्रतींवरून जेरुसलेममध्ये १९७४ पासून ‘येव्रेइस्की समिझदात’ ही ग्रंथमाला निघू लागली, आणि मॉस्कोत पाच-दहा प्रतींत जन्मलेला मजकूर छापील अक्षरांत वाचायला मिळू लागला. आमचे सारे काम त्या खंडांच्या आधाराने चालले आहे.

मी शीर्षकातील ‘भूमिगत’ हा शब्द काढून टाकण्याचा प्रस्ताव मांडला. एका मित्राचा विरोध आहे. त्याच्या मते तो शब्द नसेल तर लोक फलकाजवळ येणार नाहीत. निर्णय पुढे ढकलला.

२२ जुलै

आकड्यांचा फलक लहान ठेवला आहे. १९७९ मध्ये सुमारे ५१,००० ज्यूंना देश सोडण्याची परवानगी मिळाली आणि १९८४ मध्ये हजारालाही नाही. अफगाणिस्तानातील युद्धानंतर अमेरिकेशी संबंध बिघडले आणि दार बंद झाले. कायदा पाच वर्षांत बदलला नव्हता, अर्जही तेच होते. परवाना हा हक्क नसून देवघेवीतला माल होता, हे या दोन आकड्यांइतके स्पष्ट दुसरे काही दाखवत नाही, म्हणून आलेख काढण्याची सूचना मी मान्य केली नाही.

३ ऑगस्ट

पासओव्हर सणाला वाचायच्या हग्गादाविषयी एक चौकट पुस्तिकेत घालत आहोत, कारण इथे आपल्याकडचा खरा धागा आहे. कोकणातील बेने इस्रायल समाजासाठी हिब्रूसह मराठी हग्गादा १८४६ मध्ये मुंबईत शिळाप्रेसवर छापली गेली आणि १८७४ मध्ये पुण्यात आणखी एक आवृत्ती निघाली. तिच्यात सणाची तयारी करणाऱ्या नऊवारी नेसलेल्या बायकांची चित्रे आहेत. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून ज्यांना गावाने ‘शनिवार तेली’ म्हटले, त्यांना आपला सण आपल्या भाषेत छापून घेण्यासाठी कोणाची परवानगी मागावी लागली नाही, आणि १९४८ नंतर त्यांच्यापैकी ज्यांना इस्रायलला जायचे होते त्यांना मुंबईच्या बंदरावर कोणी अडवले नाही. पुण्याच्या आवृत्तीनंतर १०० वर्षांनी मॉस्कोत तीच प्रार्थना कार्बनवर उतरवली जात होती. चौकटीत एवढेच ठेवले आहे.

१२ ऑगस्ट

आज १९५२ च्या मृत्युदंडांना ७३ वर्षे झाली. ठरवून शेवटचा फलक आज लिहायला घेतला: विक्टर ब्राइलोव्स्की. गणिती संगणकशास्त्रात काम केलेला हा माणूस अर्ज नाकारला गेल्यानंतर घरी दर आठवड्याला वैज्ञानिक सेमिनार चालवत असे, म्हणजे कामावरून काढलेल्या संशोधकांना आपला विषय विसरू न देता मित्रांसमोर मांडता यावा. ‘सोव्हिएत संघातील ज्यू’चे ते अखेरच्या टप्प्यातील संपादक. नियतकालिक १९७९ मध्ये थांबले होते. १३ नोव्हेंबर १९८० रोजी, माद्रिदमध्ये मानवाधिकारांच्या कराराचा आढावा घेणारी परिषद नुकतीच सुरू झालेली असताना, त्यांना अटक झाली. जून १९८१ मध्ये १९०-१ या कलमाखाली, सोव्हिएत व्यवस्थेची बदनामी करणारा मजकूर प्रसृत केल्याबद्दल, त्यांना पाच वर्षे हद्दपारी झाली आणि कझाकस्तानातील बेइनेऊ या वाळवंटी गावी पाठवण्यात आले. १९८७ मध्ये ते इस्रायलला जाऊ शकले आणि पुढे तिथे काही काळ विज्ञानमंत्री झाले.

ब्राइलोव्स्की पकडले जाऊ शकतात हे मुखपृष्ठावर पत्ता छापला त्या दिवसापासून त्यांना ठाऊक होते. मी फलकात ‘धाडस’ हा शब्द लिहिला होता, तो खोडला आणि त्याऐवजी मुखपृष्ठाची प्रतिमा मोठी केली. पत्त्यातील सदनिकेचा क्रमांक मात्र ताईंच्या सूचनेवरून धूसर केला आहे, कारण त्या घरात आज कोणी तरी राहत असणार.

२० ऑगस्ट

शीर्षक ठरले: ‘नाव आणि पत्ता: सोव्हिएत ज्यूंची टंकलिखित नियतकालिके, १९७० ते १९८९’. ज्या मित्राचा विरोध होता त्यानेच मुखपृष्ठाची प्रतिमा पुन्हा पाहिल्यावर हे दोन शब्द सुचवले. कालखंडही बदलला, कारण आता सुरुवात संघटनेपासून न करता पहिल्या अंकापासून केली आहे आणि शेवट लेनिनग्राडच्या अल्मनाकच्या अखेरच्या वर्षाशी जुळवला आहे. १९६६ च्या गटाची माहिती ‘इतोन’च्या फलकात राहील.

दुपारी छापखान्यात फलकांच्या कच्च्या प्रती तपासल्या. तीन ठिकाणी कुझनेत्सोव यांच्या नावातील जोडाक्षर तुटले होते, ते दुरुस्त करून घेतले. काकांच्या टंकलेखनाची सहा पाने छापून न घेता मूळचीच टांगायची आहेत. शेवटच्या पानासाठी एक दिवा खालून लावण्याची व्यवस्था सुतार उद्या करून देणार आहे, म्हणजे सहावी प्रत वाचता येईल.